पहिली रायफल घेताना



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी आठच्या सुमाराला एक गृहस्थ माझ्या दारात उभे राहिले. डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी, आणि मागे अंग चोरून उभा असलेला त्यांचा मुलगा. मुलगा यंदा नववीत गेलेला. पाणी झालं, चहा झाला, वळवाच्या पावसाचा विषय झाला, आणि मग गृहस्थ मुद्द्यावर आले.

"सर, तुम्ही कॉलेजात पोरांना नेमबाजी शिकवता असं ऐकलं. ह्याला रायफल घ्यायची म्हणतोय. एक म्हस इकायचं ठरवलंय. कुठली घ्यावी तेवढं सांगा."

मी मुलाला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तुला कोणती हवी रे?" त्यानं खिशातून वडिलांचा मोबाईल काढला आणि एक चित्र दाखवलं. काळी कुळकुळीत, खाली लांब मॅगझिन, वर दुर्बीण. म्हणाला, "सर, ही सेमी-ऑटोमॅटिक. घोडा ओढला की पुढची गोळी आपोआप भरती."

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या बापलेकांच्या प्रश्नाबद्दल. कारण हा प्रश्न आता एका घरचा राहिलेला नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यानं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक मिळवलं, आणि गावोगावच्या पोरांच्या डोळ्यांत रायफल भरली. त्याच्याही आधी, २०१० साली, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिनं म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं होतं. म्हणजे हा खेळ आपल्या मातीत रुजतो, याबद्दल शंका नको. शंका आहे ती एवढीच, की पहिली रायफल घेताना आपण पैसे कुठे घालतो.

प्रथम त्या मुलाच्या चित्राबद्दल. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे अर्धस्वयंचलित. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते. त्या गोळीच्या धक्क्यानं किंवा तिच्या वायूच्या दाबानं रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि नवं काडतूस नळीत येऊन बसतं. पुन्हा चाप ओढला की पुन्हा एक. अमेरिकेत .२२ बोअरची अशी हलकी रायफल पुष्कळांची पहिली रायफल असते. तिथे १९६४ साली रुगर कंपनीनं '१०/२२' नावाची दहा गोळ्यांची रायफल काढली. ती स्वस्त, टिकाऊ आणि सुटसुटीत असल्यानं घरोघर गेली. तिथला कायदा वेगळा, तिथली रानं वेगळी, तिथला रिवाज वेगळा. आपल्याकडे अशी अर्धस्वयंचलित रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही. आणि साधी .२२ची रायफल घ्यायची म्हटली तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि परवान्यासाठी वयाची २१ वर्षं पुरी व्हावी लागतात. नववीतल्या मुलाला ती वाट मोकळी नाही. त्यानं .२२ चालवायची ती पुढे, रायफल क्लबात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली.

पण मी त्या मुलाला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून तो जरा चमकला. ऑलिंपिकमध्ये रायफलचे जे सामने होतात, मग ते १० मीटरचे असोत की ५० मीटरचे, त्यांत अर्धस्वयंचलित रायफल चालतच नाही. एक गोळी भरायची, मारायची, नळी उघडायची, पुन्हा एक भरायची. स्वप्नीलनंही तसंच केलं. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रानं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवलं, ते तर १० मीटर एअर रायफलवर, म्हणजे आपण जिला छऱ्याची बंदूक म्हणतो तिच्याच थोरल्या बहिणीवर! पुढची गोळी आपोआप येण्यात नेमबाजाचा लाभ नाही. पुढची गोळी हातानं भरताना जो श्वास मिळतो, मागचा नेम का चुकला याचा जो विचार होतो, त्यातच शिकणं आहे.

तेव्हा नवशिक्यानं घ्यायची पहिली रायफल म्हणजे ४.५ मिलिमीटरची, .१७७ बोअरची एअर रायफल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे जिचा बोअर ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि जिची ताकद २० जूलपर्यंत आहे, अशा एअर रायफलीला परवाना लागत नाही. घेताना ओळखपत्र दाखवून, बोअर आणि ताकद लिहिलेली पक्की पावती घ्यावी आणि ती जपून ठेवावी. मोठ्या बोअरची किंवा जास्त ताकदीची कुणी 'चालतंय हो' म्हणून गळ्यात मारू लागला, तर हात जोडून परत यावं.

आता बाजारात गेल्यावर काय होतं ते मी अनुभवानं सांगतो, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात नेमबाजीचा वर्ग सुरू करायचं ठरलं. पैसे थोडे होते. एकच रायफल येणार होती. मी पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे आकडे पाहिले की मला भुरळ पडते. दुकानदारानं दोन रायफली पुढे ठेवल्या. एक साधी, हलकी, कमी वेगाची. दुसरी जड, जोरकस, दुर्बीण लावलेली, आणि छऱ्याचा वेग पहिलीपेक्षा कितीतरी जास्त. किंमत जवळजवळ तीच. मी मनात म्हटलं, त्याच पैशात जास्त मिळतंय, आणि दुसरी उचलली.

पहिल्या दिवशी चौदा मुलं-मुली आली. रायफलीची नळी मोडून स्प्रिंग ताणायची होती. ताकदीची रायफल म्हणजे ताकदीची स्प्रिंग. दोन दांडगी मुलं सोडली तर कुणाला ती नीट ताणता येईना. एक मुलगी होती, अकरावीतली, अंगानं बारीक. तिचा हात विलक्षण स्थिर होता. प्रयोगशाळेत ती ब्युरेटमधून थेंब सोडायची, ते पाहतच राहावं. मी मुद्दाम तिला बोलावलं होतं. ती दर छऱ्याला रायफल गुडघ्यात धरून, दात ओठ खाऊन ताणायची. आणि दहा छरे होईतो तिचे दंड थरथरू लागायचे. थरथरत्या हातानं नेम कसा लागावा? तीन आठवडे ती आली. चौथ्या आठवड्यात म्हणाली, "सर, मला नाही जमत हे." मी म्हटलं, "जमेल, सराव कर." ती पुन्हा आली नाही.

जमत नव्हतं ते तिला नव्हे. मला निवड जमली नव्हती. ही गोष्ट कळायला मला आणखी वर्षभर लागलं. म्हणून माझ्या शिक्षक बंधुभगिनींना सांगतो: शाळेसाठी रायफल घेताना वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाचा विचार करू नका. सगळ्यात बारीक, पण स्थिर हाताच्या मुलीचा विचार करा. तिला पेलेल ती सर्वांना पेलेल.

ताकद किती लागते, याचा हिशेब सोपा आहे. १० मीटरच्या सामन्यातला छरा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगानं जातो. त्याची शक्ती भरते सात-आठ जूल. ऑलिंपिकचं पदक मिळतं ते एवढ्याच्या जोरावर. मग वीस जूल घेऊन आपण करणार काय? समोर कागद आहे, भिंत नव्हे. जास्त जोर म्हणजे ताणायला जास्त कष्ट, सुटताना जास्त हिसका, आणि नेम धरायला जास्त अडचण. जाहिरातीत वेग मोठ्या अक्षरांत छापतात, कारण तो आकड्यात सांगता येतो. रायफल खांद्याला बसते की नाही, हे आकड्यात छापता येत नाही.

आता प्रकार पाहू. मुख्य प्रकार दोन.

पहिला स्प्रिंगचा. नळी मोडली, किंवा बाजूचा दांडा ओढला, की आत स्प्रिंग ताणली जाते. चाप ओढला की दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि छरा सुटतो. हिला ना पंप लागतो, ना सिलिंडर. भारतात बनलेली साधी स्प्रिंगची रायफल दहा-पंधरा हजारांच्या आसपास मिळते. तिचा एक स्वभाव मात्र ओळखून असावं. दट्ट्या पुढे धावताना रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी हिसका खाते, आणि छरा नळीत असतानाच ही धडपड सुरू होते. म्हणून हिला आवळून धरायचं नाही. झोपलेल्या बाळाचं डोकं खांद्यावर टेकवून घ्यावं, तशी ती टेकवून घ्यायची, आणि दर वेळी अगदी तशीच. आज घट्ट आणि उद्या सैल धरलीत, तर छरे दोन ठिकाणी जातील आणि दोष रायफलीला लागेल.

दुसरा प्रकार आधीच दाबून भरलेल्या हवेचा. बाजारात याला पीसीपी म्हणतात. नळीखालच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबानं हवा भरलेली असते. मोटारीच्या चाकात जेवढा दाब असतो, त्याच्या जवळजवळ शंभरपट म्हणा ना! चाप ओढला की त्यातली चिमूटभर हवा सुटते. हिसका जवळजवळ नाही, ताणायचे कष्ट नाहीत, आणि नेम सुरेख. वाल्थर, फाइनवर्कबाऊ, अन्शुत्झ या जर्मन कंपन्यांच्या अशा सामन्याच्या रायफली जगभर चालतात. पण त्यांची किंमत दोन-अडीच लाखांच्या पुढे जाते. आणि किमतीनं काम भागत नाही. ती हवा भरायची कुठे? सायकलच्या पंपानं ती भरत नाही. त्यासाठी खास हातपंप तरी पाहिजे किंवा शहरात जाऊन भरून आणलेला मोठा सिलिंडर तरी. तालुक्याच्या गावापासून वीस मैल आत राहणाऱ्या मुलानं म्हैस विकून ही रायफल घेतली, आणि हवा संपली म्हणून ती पंधरा दिवस कोपऱ्यात उभी राहिली, तर त्या म्हशीचं दूधही गेलं आणि नेमही गेला.

तेव्हा घरी घ्यायची पहिली रायफल स्प्रिंगची. क्लब जवळ असेल, हवा भरायची सोय असेल, आणि मुलगा वर्ष-दोन वर्षं टिकला असेल, तर पुढची दुसऱ्या प्रकारची. ही वाट लांबची वाटेल, पण स्प्रिंगच्या रायफलीवर जो स्थिर राहायला शिकला, तो पीसीपीवर सहज स्थिर राहतो. उलटं मात्र होत नाही.

आता दुकानात गेल्यावर रायफल पारखायची कशी? चार गोष्टी सांगतो. त्याला तज्ज्ञ लागत नाही.

पहिली गोष्ट मापाची. रायफलीचा दस्ता कोपराच्या वळणात टेकवा आणि हात चापाकडे न्या. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज आलं पाहिजे. हात ताणावा लागला तर दस्ता लांब आहे. बोट पुढे पुढे जात असेल तर आखूड आहे. मग रायफल खांद्याला लावून दोन मिनिटं उभं राहायला सांगा. घड्याळ लावून. दोन मिनिटांत खांदा वाकडा झाला, कंबर पुढे आली, तर ती रायफल त्या मुलाची नव्हे. सामन्यात साडेपाच किलोपर्यंतची रायफल चालते, म्हणून साडेपाच किलोचीच घ्यावी असं नाही. सदरा मापाचा घेतो, चप्पल मापाची घेतो. रायफल का बिनमापाची घ्यावी?

दुसरी गोष्ट चापाची. चाप ओढताना तो खरखरत, अडखळत येता कामा नये. बोट थोडं मागे आलं की एक जागा यावी, जिथे तो थांबतो. आणि तिथून किंचित दाबला की सुटतो. असा दोन पायऱ्यांचा चाप नवशिक्याला फार उपयोगी. मात्र स्प्रिंगची रायफल छरा न भरता सोडून पाहू नका. दट्ट्या आत आपटतो आणि बिघडतो. दुकानदाराकडून छरा मागून घ्या आणि मगच पाहा.

तिसरी गोष्ट नेम धरायच्या साधनांची. पुढे माशी आणि मागे खाच, ही झाली उघडी साईट. मागे बारीक छिद्राची चकती आणि पुढे कडी, ती पीप साईट. शालेय स्पर्धांत दोन्ही प्रकारच्या रायफलींचे वेगवेगळे गट असतात. पैसे बेताचे असतील तर उघड्या साईटवर सुरुवात करा. पण मागची खाच वरखाली आणि डावी-उजवीकडे बारीक सरकवता येते की नाही, आणि सरकवल्यावर जागच्या जागी घट्ट राहते की नाही, हे जरूर पाहा. दुर्बीण मात्र घेऊ नका. या सामन्यांत ती चालत नाही, आणि तिच्यातून पाहताना आपला हात किती हलतो हे दिसून मुलगा घाबरतो.

या साईटचं महत्त्व आकड्यानं सांगतो. मागची खाच आणि पुढची माशी यांत अर्ध्या मीटरचं अंतर धरा. माशी खाचेत मधोमध न येता अर्धा मिलिमीटर बाजूला राहिली, म्हणजे पाच-सहा कागदांच्या जाडीएवढी, तर दहा मीटरवर छरा दहा मिलिमीटर बाजूला जातो. दहाचे सात होतात! आणि दहा गुणांचा जो ठिपका आहे, तो आहे केवळ अर्ध्या मिलिमीटरचा. खसखशीच्या दाण्याहूनही लहान. म्हणून ढिली साईट म्हणजे ढिला वजनकाटा. माल कितीही चांगला असो, माप खोटंच येणार.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीचा आधार देऊन ठेवा, दहा मीटरवर कोरा कागद लावा, त्यावर एक ठिपका काढा, आणि एकाच जातीचे पाच छरे मारा. ठिपक्याला लागले की नाही ते पाहू नका; ते साईट सरकवून नंतर आणता येतं. पाचही छरे एकमेकांजवळ पडले का, ते पाहा. पाच भोकांवर एक रुपयाचं नाणं ठेवल्यावर ती झाकली गेली, तर रायफल खुशाल घ्या. तळहातभर पसरली, तर ती सोन्याची असली तरी नको. छरे दोन-तीन जातींचे आणून पाहावेत. एकच रायफल एका छऱ्यावर प्रसन्न असते आणि दुसऱ्यावर रुसते. सामन्यासाठी चपट्या तोंडाचे छरे घ्यावेत. ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण वाचायला सोपं जातं.

जुनी रायफल घ्यावी का? जरूर घ्यावी. शहरातली पुष्कळ मुलं वर्षभर खेळून सोडून देतात आणि चांगली रायफल अर्ध्या किमतीत मिळून जाते. फक्त नळी बंद करून ती बिजागरीशी हलते का, ते पाहा. नळीच्या तोंडाला खड्डा पडलाय का, आत गंज आहे का, तेही पाहा. नळी मिटते त्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी धरून, सुरक्षित दिशेला एक छरा मारायला सांगा. पट्टी फडफडली तर तिथून हवा जाते. वॉशर बदलावा लागेल, आणि किंमत तेवढी कमी करून घ्या. जुनी पीसीपी असेल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मुदत संपलेला सिलिंडर धोक्याचा असतो आणि सामन्यातही चालत नाही.

आता पैशांची वाटणी. पुष्कळ घरांत असं होतं की होती नव्हती ती सगळी रक्कम रायफलीत जाते आणि छऱ्यांना पैसे उरत नाहीत. मुलानं दिवसाला पन्नास छरे, आठवड्यातून पाच दिवस मारले, तर महिन्याला हजार छरे लागतात. म्हणजे पाचशेच्या दोन डब्या. हा खर्च दर महिन्याचा आहे. ज्यानं बैल घेतला आणि वैरणीचा विचार केला नाही, त्याच्यासारखं होऊ नये. माझा हिशेब असा: हातात तीन रुपये असतील तर दोन रायफलीला, आणि एक छरे, कागदी लक्ष्यं, डोळ्यांचा चष्मा आणि सामन्याला जायच्या एस. टी. भाड्याला. भाडं म्हटल्यावर हसू नका. जिल्ह्याच्या सामन्याला जाऊन दहा जणांत उभं राहणं, हे घरच्या महिन्याभराच्या सरावाच्या तोडीचं असतं.

आणि काही सराव बिनखर्चाचा आहे. भिंतीवर ठिपका काढायचा आणि न भरलेली, न ताणलेली रायफल खांद्याला लावून त्यावर माशी स्थिर ठेवायची. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं. रोज पंधरा मिनिटं. यात एक छरा खर्च होत नाही, आणि महिन्याभरात फरक दिसतो.

आता जे सांगतो ते कृपा करून कान देऊन ऐका. छऱ्याची बंदूक म्हणजे खेळणं नव्हे. तिच्यानं माणूस आंधळा होतो. छरा कठीण वस्तूवर आपटला की उलट येतो. म्हणून रायफल आणण्याआधी तिच्यासमोरची पेटी तयार करा: जाड फळ्यांची, मागे वाळू किंवा माती भरलेली. तिच्या मागे मातीचा बांध किंवा भरीव भिंत असावी. पायवाट, गोठा, शेजाऱ्याचं अंगण नसावं. मारणाऱ्यानं आणि पाहणाऱ्यानं दोघांनीही चष्मा लावावा. रायफल भरलेली असो नसो, तिचं तोंड माणसाकडे कधीही नको. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. नळी मोडून छरा भरताना दुसऱ्या हातानं नळी धरून ठेवा. ती सुटून मिटली तर बोटं चिरडतात. काम झालं की रायफल कुलपात आणि किल्ली मोठ्या माणसाकडे. छरे शिशाचे असतात. ते तोंडात धरायची खोड मुलांना असते, ती पहिल्या दिवशी मोडा, आणि सराव झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू देऊ नका.

आणखी एक. रायफल घरात आली की पहिला मोह होतो तो झाडावरच्या पाखराचा. होला, पोपट, बगळा, शेतातला ससा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ही शिकार गुन्हा आहे. पण कायद्याचं राहू द्या. पाखरावर नेम धरणाऱ्याला 'लागला' आणि 'नाही लागला' एवढंच कळतं. कागदावर नेम धरणाऱ्याला आपण किती चुकलो आणि कोणत्या बाजूला चुकलो, ते कळतं. नेमबाजी दुसऱ्या शाळेत शिकता येते, पहिल्या शाळेत नाही.

गावात क्लब नसेल तर काय करावं, असं शिक्षक विचारतात. जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनला भेटावं. आपल्या देशातल्या या खेळाची मध्यवर्ती संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा पुढे कित्येक वर्षं राष्ट्रीय सामन्याची पायरी ठरली. तेव्हा ही चोरून करायची गोष्ट नाही, राजमान्य खेळ आहे. पाच-सहा पालकांनी मिळून शाळेसाठी एक बऱ्यापैकी रायफल घ्यावी आणि शिक्षकांच्या ताब्यात ठेवावी. दहा मीटर लांब मोकळी जागा, मागे भरीव भिंत आणि एक जाणता माणूस एवढं जमलं तर शाळेत वर्ग सुरू होतो. आणि एखाद्या मुलाला खरंच गती आहे की हौस आहे, हे कुणाची म्हैस न विकता तीन महिन्यांत कळतं.

त्या बापलेकांचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, "म्हैस राहू द्या. पोराला पावसाळाभर दर रविवारी माझ्याकडे पाठवा. कॉलेजची रायफल आहे." ही रायफल म्हणजे ती जड नव्हे, ती आम्ही केव्हाच बदलली. मुलगा पहिले दोन रविवार हिरमुसला होता. त्याला एकेक छरा भरायचा कंटाळा येई. तिसऱ्या रविवारी त्यानं मारलेला कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "सर, हे तीन डावीकडं का गेले?" मी म्हटलं, "तू सांग." तो विचार करत बसला. तेव्हा मला वाटलं, हा टिकेल.

दिवाळीत त्याच्या वडिलांनी दुधाच्या पैशांतून एक जुनी स्प्रिंगची रायफल घेतली. घेण्याआधी पट्टी धरून सांधा तपासला, आणि पाच छऱ्यांवर रुपया ठेवून पाहिला, तो त्या मुलानं. मी नुसता बाजूला उभा होतो. तो मोठा नेमबाज होईल की नाही, हे मला माहीत नाही. पण म्हैस गोठ्यात आहे, रायफल कुलपात आहे, आणि मुलगा रोज संध्याकाळी एकेक छरा भरतो आहे.

तुमच्या घरी किंवा शाळेत हा प्रश्न आला, तर दुकानात जाण्याआधी एवढं करा: त्या मुलाला किंवा मुलीला समोर उभं करा आणि तिचा खांदा, तिचे हात, तिचं वजन नीट पाहून घ्या. रायफल नंतर पाहा.